मालकंस, तोही डिस्कोच्या ठेक्यावर!

'दम मारो दम' हे गाणे जरा आठवून पाहा. १९७१ सालचा 'हरे रामा हरे कृष्णा'. गाणे आठवले की डोळ्यांसमोर झीनत अमान उभी राहते, कानात आशाताईंचा आवाज घुमतो आणि पाठोपाठ राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांचे नाव ओठांवर येते. गाण्यांचे शौकीन जरा जास्त मुरलेले असतील, तर गिटारवर भूपिंदर सिंग होते, हेही सांगून टाळी मागतील. आता पुढचा प्रश्न. त्या गाण्यात धुरासारखा पसरत राहणारा, घोंगावणारा जो एक सूर आहे, तो कोणी वाजवला?

इथे भलेभले गप्प होतात!

तो सूर ट्रान्झिकॉर्ड नावाच्या वाद्याचा. दिसायला ॲकॉर्डियनसारखे, पण चालायचे विजेवर. आणि ते वाजवणारे होते चरणजित सिंग. मुंबईचे. जन्म १९४०चा. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव हे बर्मन पितापुत्र, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा बड्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात गिटार, बास गिटार आणि विजेवरची नवनवी वाद्ये वाजवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्यांनी वाजवलेले काही ना काही तुमच्या-आमच्या कानांवरून शेकडो वेळा गेले असेल. नाव मात्र गेले नाही.

आज लंडन-ॲमस्टरडॅमच्या नाचघरांतली तरुण मंडळी हे नाव आदराने घेतात. ते का, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

त्याआधी आपल्या सिनेसंगीताच्या कारखान्यात डोकावायला हवे. कारखानाच म्हणायचा! साठ-सत्तरच्या दशकात ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब इथे सकाळपासून वादकांची वर्दळ असायची. गोव्याचे ख्रिस्ती व्हायोलिनवादक, पारशी ॲकॉर्डियनवाले, बंगाली, पंजाबी, मराठी अशी सगळी जत्रा. पंचमच्या ताफ्यातली नावेच पाहा ना : तबल्यावर मारुतीराव कीर, निरनिराळ्या तालवाद्यांवर होमी मुल्लां आणि अमृतराव काटकर, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. समोर आलेले नोटेशन वाजवायचे, टेक ओके झाला की वाद्य खोक्यात भरायचे, शिफ्टचे पैसे घ्यायचे आणि पुढचा स्टुडिओ गाठायचा. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव छापण्याची पद्धत नव्हती. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे आणि फार तर त्याच्या साहाय्यकांचे नाव यायचे. बाकी साठ-सत्तर माणसांचे मिळून नाव एकच : ऑर्केस्ट्रा!

या अनामिकांपैकी एकाचेच नाव भारतभर झाले, तेही गंमत म्हणून. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर, प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव अमिताभच्या तोंडी घातले. ते खऱ्याखुऱ्या माणसाचे नाव आहे, हे आजही कित्येकांना ठाऊक नाही. ज्याचे नाव झाले त्याची ही कथा, तर इतरांची काय सांगावी?

चरणजित सिंग याच जगातले. पण त्यांना एक खोड होती : बाजारात नवे वाद्य आले की ते हाताळल्याशिवाय चैन पडायचे नाही. तेव्हाच्या मुंबईत अशी खोड असणारे ते एकटे नव्हते. केरसी लॉर्ड हे दुसरे. 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'मधले ॲकॉर्डियन त्यांचे आणि सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओत आणणारेही तेच. अशा वादकाला स्टुडिओत मान असायचा. संगीतकाराला 'काहीतरी वेगळे' हवे असायचे आणि ते वेगळे यांच्या पेटीत असायचे. चरणजित सिंग यांनी त्याच काळात हिंदी गाण्यांच्या चालींवर वाद्यसंगीताच्या रेकॉर्डही काढल्या. इराण्याच्या हॉटेलात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये मागे वाजत राहावी, तशी ती रेकॉर्ड असायची. चाल लोकांच्या ओळखीची, वाद्य नवे. मेहनत होती, पण यात आपले स्वतःचे असे फारसे काही नव्हते.

स्वतःचे सुचले ते १९८२ साली.

त्या दिवसांचे वातावरण आठवा. १९८०च्या 'कुर्बानी'त बिद्दूच्या चालीवर नाझिया हसन गायली आणि देश डुलायला लागला. १९८१ साली 'डिस्को दीवाने' आला. १९८२च्या डिसेंबरात मिथुनचा 'डिस्को डान्सर' झळकला आणि बप्पी लाहिरींनी गल्लोगल्ली धुमाकूळ घातला. गणपतीच्या मंडपातही तोच ठेका! प्रत्येक निर्मात्याला डिस्को हवा होता. चरणजित सिंग दिवसभर स्टुडिओत हाच ठेका वाजवत होते. पुढे त्यांनी मुलाखतीत सांगितले ते साधारण असे : सिनेमात डिस्को इतका होता, की त्याच ठेक्यावर काही निराळे करावे असे वाटले. मग म्हटले, आपले राग वाजवू, तबला बंद करू आणि ठेका डिस्कोचा ठेवू. घरी वाजवून पाहिले. बरे वाटले. म्हणून रेकॉर्ड केले.

बस्स! 'मी क्रांती करायला निघालो होतो' वगैरे भाषा नाही. भाजीत आज गुळाऐवजी साखर घालून पाहिली, इतक्या सहज.

आता त्यांच्या हाती असलेल्या यंत्रांविषयी. सिंगापूरहून आणलेली ती तीन यंत्रे, तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची. पहिले ज्युपिटर-८. एका वेळी आठ सूर काढणारा हा मोठा सिंथेसायझर, किंमत जवळपास पाच हजार डॉलर. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूवर तेव्हा आपल्याकडे जकात किती बसायची, हे ज्यांनी त्या काळात सिंगापूरहून टेपरेकॉर्डर आणला त्यांना विचारा! दुसरे टीआर-८०८. हे ठेक्याचे यंत्र. यातला ढोल खऱ्या ढोलाचा ध्वनी साठवून केलेला नव्हता. सगळे आवाज विजेच्या मंडलांतून निघायचे, म्हणून खऱ्या ड्रमवाल्यांनी त्याला नाके मुरडली. आणि तिसरे, एखाद्या पुस्तकाएवढी चंदेरी डबी, टीबी-३०३.

या डबीपाशी थोडे थांबू या, कारण सगळी गंमत हिच्यात आहे. तादाओ किकुमोतो या अभियंत्याने ती रचली. हेतू सरळ होता. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला किंवा हॉटेलात एकट्याने वाजवणाऱ्याला साथीला बास गिटारवाला परवडत नाही, त्याचे काम ही डबी करील. सोळा घरांत सोळा सूर भरून ठेवायचे, कळ दाबली की ते चक्रासारखे फिरत राहणार. (सोळा म्हटल्यावर आपल्याला तीनताल आठवतो. जपान्यांच्या मनात तो नसावा!) पण हे सूर भरणे म्हणजे डोक्याला ताप. आधी नुसते सूर क्रमाने द्यायचे, मग पुन्हा पहिल्यापासून त्यांचा काळ द्यायचा. एवढे करून निघणारा आवाज बास गिटारसारखा नाहीच. खालच्या सुरात कुरकुरणारा, एक बटण फिरवले की 'ऊ'चा 'आ' आणि 'आ'चा 'ई' करत चिरकणारा. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. जेमतेम दहा हजार डब्या करून १९८४ साली कंपनीने तिचा नाद सोडला.

म्हणजे बघा. बास गिटारवाल्याची गरज उरू नये म्हणून जपानमध्ये एक यंत्र निघते. आणि मुंबईतला एक बास गिटारवाला पदरचे पैसे मोडून ते विकत आणतो! कसायाचा सुरा बकऱ्यानेच हौसेने आणावा, तसे हे झाले. पण चरणजित सिंग यांना त्या डबीत कंपनीला न दिसलेली गोष्ट दिसली. तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्य वादकाला ती एक जादा करामत. आपल्याला ती मींड! पेटीवर मींड निघत नाही, म्हणून तर एके काळी आकाशवाणीने पेटीला कैक वर्षे बंदी घातली होती. आणि इथे पट्ट्यांच्या यंत्रातून सूर घसरत होता. शिवाय तेच तेच सूर न थकता फिरवत ठेवणे हा डबीचा मूळ स्वभाव, म्हणजे मागे सतत काहीतरी धरून ठेवणारे आले. तिथे तंबोऱ्याची आठवण होणारच.

तीन यंत्रे एका चालीने चालायला हवीत. आज कुठलीही दोन वाद्ये 'मिडी' नावाच्या सामायिक भाषेत एकमेकांशी बोलतात. ती भाषा बाजारात आली १९८३ साली. त्याआधीच या गृहस्थांनी ठेक्याचे यंत्र आणि ही डबी तारेने जोडून एका लयीत बांधली होती. वर ज्युपिटरवर दोन्ही हातांनी राग. एचएमव्हीच्या स्टुडिओत दोन दिवसांत दहा राग ध्वनिमुद्रित झाले. रेकॉर्डचे नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. नावात काही लपवलेले नाही. जे आत आहे ते बाहेर लिहिले आहे.

दहा राग कोणते? भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. ही यादी पाहून गाण्यातले जाणकार कपाळावर हात मारतील. अहो, भैरवीने मैफल संपते, आणि इथे भैरवीनेच सुरुवात! पहाटेचा ललत, दुपार कलतानाची मधुवंती, संध्याकाळचा यमन, मध्यरात्रीचा मालकंस, सगळे पाच-पाच मिनिटांत आणि एकाच धडधडत्या ठेक्यावर. वेळेचे बंधन नाही, ख्याल नाही, विलंबित तर नाहीच नाही.

जयपूर घराण्याची गायकी मराठी माणसाने आपलीच मानली. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी राहिले आणि घराणे आपल्या मातीत रुजले. ज्या घरात किशोरीताई आमोणकरांचा भूप कानात साठवलेला आहे, त्या घरात हा 'राग भूपाली' लावला तर काय होईल? प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग केला आहे. आमचे एक काका जयपूरवाल्यांचे कट्टर भक्त. त्यांना भूपालीऐवजी मालकंस ऐकवला. आधी त्यांनी भुवया चढवल्या. दोन मिनिटे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मालकंसच आहे हा. चुकलेला नाही. पण याला कुठे गाडी गाठायची आहे?"

काकांच्या शेऱ्यातला पहिला भाग महत्त्वाचा. 'चुकलेला नाही'. ही रेकॉर्ड म्हणजे रागाचे नाव लावून केलेली थट्टा नव्हे. ठेका सुरू होण्याआधी ज्युपिटरवर थोडा मोकळा स्वरविस्तार येतो, आणि वाजवणाऱ्याला राग ठाऊक आहे हे तिथेच कळते. पण सगळे राग सारखे जमले आहेत असेही नाही. भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच सुरांचे राग या यंत्रांवर झकास खुलतात. सूर कमी, जागा मोकळी, त्यामुळे चक्र फिरत राहिले तरी कंटाळा येत नाही. तोडीचे तसे नाही. तोडीचा गंधार गवयाच्या गळ्यात जितका खाली उतरतो, तितका पट्टीवर उतरवायचा कसा? यंत्राचे बारा सूर ठरलेले. ललतचेही तेच. त्यातले दोन मध्यम एकमेकांना बिलगून यायला हवेत, इथे ते शेजारी-शेजारी नुसते उभे राहतात. चोखंदळांनी मालकंस किंवा कलावतीपासून सुरुवात करावी, हा आमचा आगाऊ सल्ला.

रेकॉर्ड बाजारात आली. पुढे काय झाले?

काही नाही.

डिस्कोवाल्यांना तीत गाणे सापडेना, रागवाल्यांना ठेका सोसेना. दुकानदाराने ती ठेवायची तरी कुठल्या कप्प्यात? चरणजित सिंग यांनीही त्यावर ऊर बडवला नाही. एक रेकॉर्ड चालली नाही, एवढेच. स्टुडिओतली कामे होती, कार्यक्रम होते. ते आपल्या कामाला लागले.

इकडे जगात दुसरेच घडत होते. अमेरिकेत त्या न खपलेल्या चंदेरी डब्या जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागल्या. शिकागोतल्या डीजे पिएर आणि त्याच्या दोघा मित्रांच्या हाती अशीच एक लागली. ती नीट वाजवायची कशी हे कोणालाच कळेना, तेव्हा ते नुसती बटणे फिरवत बसले. त्या चिरकण्याच्या नादातून १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड निघाली आणि 'ॲसिड हाऊस' नावाचे नाचाचे संगीत जन्माला आले. वर्षभरात ते इंग्लंडला पोहोचले आणि तिथल्या तरुणांनी रात्री जागवल्या. पालक आणि पोलीस दोघेही हैराण! ज्या डबीला कंपनीने टाकून दिले, तिची किंमत मग नव्या डबीहून कितीतरी वर गेली.

आता २००२ साली या. एदो बौमन नावाचा एक डच गृहस्थ, जुन्या हिंदी गाण्यांचा वेडा, दिल्लीतल्या एका दुकानात जुन्या रेकॉर्ड चाळतो आहे. त्याच्या हाताला 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' लागते. सोबत आणलेल्या छोट्या प्लेअरवर तो ती लावतो आणि चक्रावतो. हा तर ॲसिड हाऊसचा आवाज! वेष्टनावर साल पाहतो, तर १९८२. शिकागोच्या पाच वर्षे आधीचे! तो मुंबईत येऊन चरणजित सिंगांना शोधून काढतो. आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या छोट्या कंपनीतर्फे ती रेकॉर्ड पुन्हा काढतो.

युरोपात आधी कोणाचा विश्वासच बसला नाही. एखाद्या खट्याळ गोऱ्या संगीतकाराने आजच्या काळात घरी बसून हे बनवले असेल आणि शीख वादकाचे खोटे नाव लावून जुनी रेकॉर्ड म्हणून खपवली असेल, अशी कुजबुज झाली. चरणजित सिंग नावाचा माणूस मुंबईत हयात आहे, हेच मुळी सिद्ध करावे लागले! आयुष्यभर ज्याचे नाव छापले नाही, त्याचे एकदाचे नाव छापले, तर ते नाव खोटे ठरू लागले. दैव म्हणतात ते हेच.

शंका फिटल्यावर मात्र गाडी उलट्या टोकाला गेली. लंडनच्या 'गार्डियन'ने २०११ साली, चरणजित सिंगांनी ॲसिड हाऊस चुकून कसे शोधून काढले, अशा अर्थाचा मथळा दिला. आपल्याकडच्या काही वृत्तपत्रांनाही मग जाग आली. 'ॲसिड हाऊसचे जनक आपले चरणजित सिंग!' परदेशी शिक्का बसला की आपली छाती फुगते, ही आपली जुनी सवय.

स्पष्ट बोलायचे तर, हा जनक-बिनक प्रकार आम्हाला पटत नाही. शिकागोतल्या पोरांनी मुंबईची ही रेकॉर्ड ऐकली असण्याची शक्यता शून्याच्या जवळपास. त्यांना राग ठाऊक नव्हते, यांना शिकागो ठाऊक नव्हते. १९८२ साली 'ॲसिड हाऊस' हा शब्दच अस्तित्वात नव्हता. दोन ठिकाणी दोन निराळ्या माणसांनी एकच यंत्र हातात घेतले आणि यंत्राचा स्वभाव दोघांकडूनही बोलला. आणि 'चुकून' हा शब्द तर साफ चुकीचा. चूक झाली असेल तर शिकागोत, कारण तिथे बटणे फिरवता फिरवता ते सापडले. मुंबईत ज्याने सूर भरले त्याला कोणत्या घरात कोणता सूर हवा हे पक्के माहीत होते. त्यामागे वीस वर्षांची रोजची शिफ्ट होती. त्याला चूक म्हणायचे, तर मग पुरणपोळीही चुकूनच होत असावी!

चरणजित सिंग यांनी या सगळ्या गौरवाकडे कसे पाहिले? शांतपणे. सत्तरी उलटल्यावर त्यांना युरोपातून बोलावणी येऊ लागली. तीच यंत्रे, तेच राग आणि समोर नातवंडांच्या वयाची पोरे नाचताहेत. हा बुजुर्ग बसून कीबोर्ड वाजवतो आहे, चेहऱ्यावर फारसा बदल नाही. स्टुडिओत टेक द्यायला बसलेला वादक असाच बसतो. नाचणारे नाचोत, आपले सूर चुकता कामा नयेत.

आणि स्टुडिओ? ज्या स्टुडिओतून ते आले होते, त्याचे काय झाले होते?

हा भाग युरोपातल्या लेखांत फारसा येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत सिंथेसायझर आणि ठेक्याची यंत्रे यांची रीघ लागली. १९९२ साली ए. आर. रहमान यांचे 'रोजा' आले आणि एका छोट्या खोलीत, निम्मेअधिक संगीत यंत्रावर रचून, एकेका वादकाला स्वतंत्र बोलावून गाणे पुरे होते, हे सगळ्यांना दिसले. रहमान यांची प्रतिभा वादातीत. पण निर्मात्यांनी धडा घेतला तो हिशेबाचा. साठ वादकांच्या शिफ्टऐवजी एक प्रोग्रामर. व्हायोलिनवाल्यांचे ताफे पांगले. कोणी क्लास काढले, कोणी हॉटेलात वाजवू लागले, कित्येकांची वाद्ये खोक्यातच राहिली. न्यूझीलंडमधले अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी या वादकांना भेटून, त्यांच्या तोंडून ही कहाणी ऐकून 'बिहाइंड द कर्टन' हे जाडजूड पुस्तक २००८ साली लिहिले. आपल्या गाण्यांच्या वादकांची नावे आपल्याला एका परदेशी प्राध्यापकाने गोळा करून द्यावी लागली! २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला बळ आले, हे उत्तमच झाले. पण १९७१ साली शिफ्टचे पैसे खिशात घालून लोकल पकडलेल्या वादकाला त्याचा काय उपयोग?

म्हणूनच चरणजित सिंग यांची गोष्ट सांगताना जीभ थोडी अडखळते. ज्या यंत्रांनी त्यांच्या सोबत्यांची कामे घेतली, त्याच यंत्रांवर त्यांनी आपली सर्वांत स्वतंत्र गोष्ट घडवली. ते द्रष्टे होते, की धंद्याची हवा ओळखून वेळीच शहाणे झालेले वादक होते? आमच्या मते, दोन्ही नाही. ते कुतूहल जिवंत असलेले वादक होते. यंत्र आले तेव्हा त्यांनी त्याला नाक मुरडले नाही आणि नोकर म्हणूनही वागवले नाही. याच्याकडून मालकंस वाजेल का, एवढेच पाहिले.

असे पाहणारे आपल्याकडे आणखीही होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथे मूग सिंथेसायझर बसवला आणि त्यामागे पुढाकार होता गीता साराभाईंचा. याच गीताबेननी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराला भारतीय संगीताचे पाठ दिले होते. स्टुडिओ तीन-चार वर्षे चालला आणि बंद पडला. तिथल्या टेप कपाटात पडून राहिल्या. त्या शोधल्या पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने आणि त्यातले निवडक संगीत प्रकाशित झाले २०२३ साली. पुन्हा तेच. कपाट आपले, धूळ आपली, झटकणारा परका!

चरणजित सिंग यांना निदान आपल्या डोळ्यांनी ते पाहता आले. २०१५च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले. परदेशी वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले. आपल्याकडे 'ज्येष्ठ वादक' अशी बातमी आली, आणि पुष्कळांनी ती वाचून 'दम मारो दम' पुन्हा लावले, या वेळी त्या घोंगावणाऱ्या सुराकडे लक्ष देऊन.

मूळच्या, १९८२च्या रेकॉर्डसाठी जगभरातले शौकीन आता भारी पैसे मोजतात. तुमच्या माळ्यावर एखादा खोका असेल, त्यात वडिलांनी किंवा मामांनी हौसेने घेतलेल्या एलपी असतील, तर दिवाळीच्या सफाईत तो तसाच रद्दीवाल्याच्या तागडीत टाकू नका. एकदा चाळा. 'टेन रागाज' नाही निघाली तरी हरकत नाही. दुसरी एखादी निघेल, तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात वादकाचे नाव असेल. ते वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, "हे कोण हो?"

आमच्या काकांना आम्ही तसे विचारले होते. ते म्हणाले, "कोण ते ठाऊक नाही. पण तो मालकंस पुन्हा लाव."